पान्हा, मज्जातंतू आणि पोष ग्रंथी

धारा काढणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते. रेडकू ढुशा देऊन सड चोखू लागले की म्हैस पान्हावते. पण गोठ्यात परका माणूस शिरला, कुत्रे भुंकले, की तीच म्हैस पान्हा चोरते. दूध कासेत असते, पण धारेत येत नाही. असे का व्हावे? आम्ही पडलो कामगार चळवळीतले. शरीरशास्त्र शिकलो ते ग्रंथालयाच्या बाकावर. तरी या प्रश्नाने आमचा पाठलाग सोडला नाही. का, ते शेवटी सांगू.

मेंदूच्या बुडाशी, हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढी एक ग्रंथी देठाने लोंबत असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. डॉक्टर तिला पिट्युइटरी म्हणतात. आपल्या वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात ती ‘पोष ग्रंथि’ आहे. तिचे मुख्य भाग दोन. मागचा भाग गर्भावस्थेत मेंदूतूनच खाली उतरतो. पुढचा तोंडाच्या अस्तरातून वर चढतो. शेजार एक, पण कुळे दोन. म्हणून दोघांना हुकूम पोचण्याची तऱ्हाही निराळी.

मागच्या भागाला मज्जातंतूंचा पुरवठा भरघोस आहे. देठाच्या वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग; तेथील पेशींचे तंतू, माणसात सुमारे एक लाख, देठातून खाली येतात. नवल असे की हे तंतू नुसता निरोप नेत नाहीत, मालही वाहतात. ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन हे रस वरच्या पेशींत तयार होतात, तंतूंतून खाली सरकतात, टोकाशी साठतात आणि इशारा येताच रक्तात सुटतात. मज्जापेशी ग्रंथीचे काम करते, हे अर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशांवरून मांडले, तेव्हा पुष्कळांना ते पटले नाही. १९४९ मध्ये बार्गमान यांनी रंग देऊन हा माल तंतूंत दाखविला, तेव्हा शंका मावळू लागली.

पुढच्या भागाची गोष्ट उलटी. त्याला हुकूम देणारे तंतू जवळजवळ नाहीतच. जे थोडे सापडतात ते बहुतेक रक्तवाहिन्यांसोबत आलेले. मग मेंदूचे तेथे चालते कसे? जसे धरणाचे पाणी पाटाने शिवारात जाते, तसे हायपोथॅलॅमसमधील रस देठावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून या भागात उतरतात. इंग्लंडात जेफ्री हॅरिस यांनी उंदरांचा देठ कापून पाहिला. रक्तवाहिन्या पुन्हा जुळल्या की ग्रंथी कामाला लागे. मध्ये मेणकागद ठेवला की नाही. पुढे गिलमँ आणि शॅली यांनी लाखो मेंढ्यांच्या व डुकरांच्या मेंदूंतून हे रस वेगळे काढले; त्यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुन्हा गोठ्यात येऊ. रेडकाच्या चोखण्याची वर्दी सडातील मज्जातंतूंवरून पाठीच्या कण्यात व तेथून हायपोथॅलॅमसला जाते. मागच्या भागातून ऑक्सिटोसिन सुटते, रक्ताने कासेत पोचते, तेथील बारीक स्नायुपेशी आवळतात आणि दूध उतरते. भीतीने ही वर्दी अडते. दूध बनविण्याचा हुकूम देणारे प्रोलॅक्टिन मात्र पुढच्या भागाचे. मेंदू त्याला एरवी पाटाच्या वाटेने आवर घालतो. चोखण्याने तो आवर सैल होतो.

स्त्रीचे शरीरही याच नियमाने चालते. आम्ही ज्या कारखान्यांच्या दारांत उभे राहिलो, त्यांपैकी एकात तान्ह्या मुलांच्या आयांना पाळीत सुट्टी मिळत नसे. अंग ठणके, लुगडे भिजे आणि काही आठवड्यांत दूध आटे. मुकादम म्हणे, “बाईची प्रकृतीच अशक्त.” आम्हालाही तेव्हा उत्तर सुचले नाही. आज सुचते: मूल चोखत नाही, म्हणून वर्दी जात नाही; वर्दी नाही, म्हणून हुकूम नाही; आणि साचलेले दूध पुढचे दूध थांबविते. दोष प्रकृतीचा नव्हे, घड्याळाचा होता.

१९६१ च्या प्रसूति-सुविधा कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली. ती कुणाची मेहेरबानी नव्हे. तिच्यामागे एक लाख तंतूंची साक्ष आहे. श्रोत्यांपैकी जे कुणी दुसऱ्याच्या कामाच्या वेळा ठरवीत असतील, त्यांनी ही साक्ष एकदा ऐकून घ्यावी, एवढीच आमची विनंती.