प्रोग्रॅमची शिदोरी

मुलांनो, लांबच्या प्रवासाला निघताना आई सोबत शिदोरी बांधून देते. उर्दूत आपण तिला 'तोशा' म्हणतो. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही परगावी जाताना अशी शिदोरी लागते. कशी, ते पाहू.

समजा, दिव्याच्या एका शाळेत गुणपत्रके छापणारा प्रोग्रॅम आहे. तो पायथॉन भाषेत लिहिलेला आहे. मुलांची नावे तो उर्दूत व मराठीत छापतो. शेजारच्या मुंब्र्यातील शाळेने तो मागितला. नुसती प्रोग्रॅमची फाइल दिली, तर काम होईल का? तेथे पायथॉन नसेल, तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. छपाईची लायब्ररी नसेल, तर तो मध्येच अडेल. आणि उर्दू अक्षरांचा फाँट नसेल तर? प्रोग्रॅम तक्रार न करता चालेल. पण मुलीच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन उमटतील! ही चूक सर्वांत वाईट, कारण ती गुणपत्रक छापल्यावरच कळते.

म्हणून सारे सामान एकत्र बांधतात. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. त्यात प्रोग्रॅम असतो, फाँट असतो आणि बाहेरून काय काय लागेल याची यादीही असते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या प्रणालीत पॅकेज बसवताना ती यादी वाचली जाते व उणे सामान आपोआप आणले जाते. फाँट मात्र परवाना पाहूनच घालावा. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फाँट मुक्त परवान्याचा आहे. तो सोबत देण्यास हरकत नाही.

आता शिक्षकांनी 'निकाल' एवढाच शब्द टाइप करून एंटर दाबावे, अशी सोय हवी. त्यासाठी पॅकेज त्या नावाची एक छोटी फाइल ठेवते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. तो ठरावीक फोल्डरमध्ये ही फाइल शोधतो. त्या फोल्डरांची यादी म्हणजे 'पाथ'. फाइल सापडली आणि तिला चालण्याची परवानगी असली, की तिची पहिली ओळ पाहिली जाते. '#!' या खुणांनी सुरू होणारी ती ओळ सांगते, "मला पायथॉनकडे न्या." पुढचे काम पायथॉनचे.

फाँटचा पत्ता देताना मात्र 'इथेच शोध' असे लिहू नये. 'इथे' म्हणजे शिक्षक त्या वेळी ज्या फोल्डरमध्ये असतील तो! पत्ता प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जागेपासून मोजावा. मग पॅकेज एखाद्या कोऱ्या संगणकावर बसवून एक गुणपत्रक छापावे, आणि ते उर्दू वाचणाऱ्या माणसाला दाखवावे.