फार क्राय आणि हाकेचं अंतर

परवा आमच्या नांदगाव पेठच्या होस्टेलवर ग्रुप डिस्कशनची प्रॅक्टिस चालली होती. विषय होता पाणी. माझी रूममेट दर्यापूरकडची. म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जिथं जमिनीतलं पाणीच खारट! ती उठून म्हणाली, "व्हेअर अवर व्हिलेज वॉटर, व्हेअर धिस वॉटर!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

रात्री तिनं विचारलं, "मंग काय म्हनाचं होतं वं? तू तं कॉन्व्हेंटची!" मी ऐटीत तीन-चार फ्रेजेस ऐकवल्या. "याच्यातली कोनती?" इथं माझी दांडी उडाली.

खरं तर तिचं वाक्य मराठीत चोख होतं. "कुठे आमचं पाणी अन् कुठे हे!" दोनदा 'कुठे' म्हटलं की आपलं काम झालं. संस्कृतातही 'क्व... क्व' असंच चालतं. इंग्रजीतलं 'व्हेअर' मात्र नुसता पत्ता विचारतं.

आता 'चॉक अँड चीज' घ्या. १३९० च्या सुमारास जॉन गॉवर या इंग्रज कवीनं चीज म्हणून खडू खपवणाऱ्यांबद्दल लिहिलंय. आज मात्र त्याचा अर्थ एवढाच, की दोघांचं काहीच जुळत नाही. सख्ख्या बहिणींना हे शोभतं. यात कुणी वरचढ नाही. आपल्या राजा भोज-गंगू तेलीत एकाला खाली पाडावंच लागतं. 'पोल्स अपार्ट' बहुतेक मतांसाठी : मेसच्या भाजीबद्दल रेक्टर मॅडमचं मत आणि आमचं!

पाण्याला यातलं काही बसेना. तिला हवं होतं 'अ फार क्राय फ्रॉम'. क्राय म्हणजे हाक. आपल्याकडे जवळचं गाव 'हाकेच्या अंतरावर' असतं ना, हे त्याच्या उलट, हाकही पोचणार नाही इतकं लांब. "धिस वॉटर इज अ फार क्राय फ्रॉम अवर व्हिलेज वॉटर." झालं!

आणि कृपा करून 'व्हेरी बेटर' म्हणू नका, 'फार बेटर' म्हणा. आपलं 'फार चांगलं' आठवलं की चुकायचं नाही. (हा शोध रूममेटचा, माझा नाही.)

दुसऱ्या दिवशी ती ते वाक्य न अडखळता बोलली. मग सांगू लागली, की तिकडच्या पाण्यात तुरीची डाळसुद्धा लवकर शिजत नाही, पिण्याचं पाणी वेगळं आणावं लागतं. आदल्या दिवशीही ती हेच सांगणार होती.