चार बोटे वर, दीड हात खाली

पुण्यात शिवाजीनगरच्या एका चौकाला लोक अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आले, त्याची ही उरलेली खूण. याच खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे मांडले होते, की हिमालयात बर्फ जास्त साचला की पुढचा पाऊस ओढ देतो. त्या काळी बर्फ पडला की नाही हे कळणे फार अवघड नव्हते; कुठे किती जाड साचला, हे कळण्यात खरी मेख होती. जवळजवळ दीडशे वर्षांनी ध्रुवांजवळच्या समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फापाशी आपण त्याच मेखेवर अडलो आहोत. दर सप्टेंबरात उत्तर ध्रुवाजवळ किती बर्फ उरला याची बातमी येते, ती क्षेत्रफळाची असते. क्षेत्रफळ मोजायला सोपे, म्हणून बातमीत तेच येते. समुद्राचे आणि हवेचे पुढे काय होणार, हे मात्र बर्फाच्या जाडीवर जास्त अवलंबून असते, आणि ती जाडी कोणताही उपग्रह थेट पाहू शकत नाही.

आधी सोपे ते पाहू. प्रत्येक वस्तू आपल्या अंगातून थोड्या सूक्ष्मलहरी सोडत असते. समुद्राचे पाणी त्या बाबतीत कंजूष, तर त्यावर तरंगणारा बर्फ बराच उदार. त्यामुळे पाण्यापेक्षा थंड असूनही उपग्रहाला बर्फ उजळ दिसतो आणि पाणी काळपट. सहा महिन्यांची ध्रुवीय रात्र असो की आभाळ भरलेले असो, या लहरींना फारशी आडकाठी नसते. १९७८ च्या ऑक्टोबरात सोडलेल्या निंबस-७ पासून ही नोंद जवळपास अखंड चालू आहे. आपल्याकडेही १९९९ च्या ओशनसॅट-१ वर असेच लहरी टिपणारे उपकरण होते आणि त्यावरून अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फाचा अभ्यास झाला. या नोंदीतली एक चौकट साधारण २५ किलोमीटर लांब-रुंद असते. म्हणजे पुणे शहराचा बहुतेक भाग एका ठिपक्यात बसेल. त्या ठिपक्यात १५ टक्के बर्फ सापडला, की विस्तार मोजताना सबंध ठिपका बर्फाचा धरतात. सप्टेंबर २०१२ मध्ये असा विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला, म्हणजे अकरा महाराष्ट्रांएवढा. १९८० च्या दशकात याच महिन्यात तो ७० लाखांच्या घरात असे. उन्हाळ्यात बर्फावर वितळपाण्याची डबकी साचतात आणि उपग्रह त्यांना उघडा समुद्र समजून बसतो, हा दोष आहेच. पण इतक्या मोठ्या घसरणीपुढे तो किरकोळ आहे.

अडचण अशी, की अकरा महाराष्ट्रांएवढा बर्फ हातभर जाडीचा आहे की पुरुषभर, हे त्या आकड्यातून कळत नाही. पहिला सुगावा मिळतो तो बर्फाच्या वयावरून. कारखान्यातली बर्फाची लादी पाहिली तर कडा काचेसारख्या आणि मध्यभाग पांढुरका असतो. गोठताना पाणी आपल्यातली हवा आणि क्षार आत आत ढकलत नेते, ती शेवटी मधोमध अडकतात. समुद्रातही गोठताना मीठ असेच हुसकावले जाते. बरेचसे खाली पाण्यात जाते, पण काही मिठवणी बर्फाच्या बारीक कप्प्यांत कोंडले जाते आणि पहिल्या वर्षाचा बर्फ खारट राहतो. उन्हाळा काढून टिकलेल्या बर्फातून ते मीठ निथळून जाते आणि मागे हवेचे बुडबुडे राहतात. खारट बर्फात रडारची लहर लवकर जिरते, तर जुन्या बुडबुड्यांच्या बर्फात ती विखरून परत येते. म्हणून रडारने पाहिले तर बर्फाचे वय ओळखता येते. ओशनसॅट-२ वरच्या स्कॅटरोमीटरसारखी, मुळात समुद्रावरचे वारे मोजायला २००९ मध्ये पाठवलेली उपकरणेही या कामाला आली. वयाचा हा हिशेब क्षेत्रफळापेक्षा कडू आहे. १९८५ च्या सुमारास आर्क्टिकमध्ये हिवाळा संपताना जवळपास एक तृतीयांश बर्फ चार वर्षांहून जुना असे. आता तो पाच टक्केही नसतो. वरून चादर तीच दिसते, पण गोधडी जाऊन पंचा आला आहे.

वयावरून जाडीचा अंदाज येतो, माप मिळत नाही. माप घेण्याची युक्ती आर्किमिडीजची आहे. तरंगणाऱ्या बर्फाचा नववा-दहावा हिस्सा पाण्यावर असतो; चार बोटे वर दिसला तर दीड हात खाली आहे असे समजावे. २०१० मध्ये सोडलेला युरोपचा क्रायोसॅट-२ रडारची लहर सोडून तिच्या परतीचा वेळ मोजतो आणि बर्फाची पाठ शेजारच्या भेगेतल्या पाण्यापेक्षा किती उंच आहे हे काढतो. ही उंची दोन सेंटिमीटरने चुकली तर जाडी जवळपास वीस सेंटिमीटरने चुकते. त्यात बर्फावर भुसभुशीत हिमाचा थर असतो. त्याच्या ओझ्याने बर्फ खाली दबतो आणि त्याच्यामुळे रडारची लहरही मंदावते. म्हणजे हिम किती साचले हे ठाऊक नसेल तर सगळे गणित डळमळते. हा हिमाचा आकडा कुठून आणला, तर कितीतरी हिशेबांत तो सोव्हिएत संशोधकांच्या तरंगत्या तळांवरून आला आहे. १९५४ ते १९९१ या काळात त्या माणसांनी बर्फावर उभे राहून काठीने मोजलेल्या हिमाची सरासरी. शेकडो किलोमीटर वरून फिरणाऱ्या यंत्राच्या उत्तरात त्या काठीची खूण आजही आहे, आणि तीही बर्फ म्हातारा आणि जाड असण्याच्या काळातली.

इथे एक भारतीय उपग्रह अनपेक्षितपणे कामी आला. इस्रो आणि फ्रान्स यांचा सरल २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तो मुख्यतः समुद्राची पातळी मोजायला. त्याच्या रडारची लहर क्रायोसॅटच्या लहरीपेक्षा आखूड आहे, त्यामुळे ती हिमात फार खोल शिरत नाही. एक लहर वरच्या थरातून परतते, दुसरी आत उतरून परतते. दोन्ही उंचींची वजाबाकी केली, की हिमाची खोली हाती येते. संशोधकांनी ही वजाबाकी करून आर्क्टिकच्या हिमाचे नकाशे काढले. ती निर्दोष मात्र नाही. २०१९-२० मध्ये पोलारस्टर्न हे जहाज मुद्दाम बर्फात गोठवून वर्षभर वाहू दिले, तेव्हा बर्फावरच दोन्ही प्रकारची रडारे उभी केली होती. वाऱ्याने हिम दाबले, हलवले, की लहरी गृहीत धरलेल्या जागेवरून परततातच असे नाही, हे तिथे दिसले.

यावर कोणी म्हणेल, की ज्या मापात इतके गृहीत धरावे लागते त्यावर विसंबायचे कशाला? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. एखाद्या ठिकाणच्या एका दिवसाच्या जाडीवर पैज लावू नये, हे खरे. पण सूक्ष्मलहरी, रडार, लेझर आणि पाणबुड्यांतून खालून घेतलेली मापे यांच्या चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत, आणि तरीही आर्क्टिकचा बर्फ पातळ होत गेला यावर त्या सगळ्यांचे एकमत आहे. दुसरा आक्षेप अंटार्क्टिकाचा: २०१४ पर्यंत तिथला बर्फ तर वाढत होता. वाढत होता, आणि पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली, नोंदीतल्या नीचांकावर गेला. ती वाढ पातळ बर्फाची होती की जाड बर्फाची, हे नीट सांगता न येणे हाच जाडीच्या मापाविषयीचा माझा मुद्दा आहे. तिथे हिम इतके पडते की त्याच्या भाराने बर्फाची पाठ पाण्याखाली जाते. मग वर बोटभरही उरत नाही आणि आर्किमिडीजची युक्ती थकते.

तिसरा प्रश्न पुणेकराचा, आणि तो रास्त आहे: आम्हाला याचे काय? पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सबंध पृथ्वीचे एक संगणकी प्रारूप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहाव्या हवामान अहवालामागे जगभरातली जी प्रारूपे उभी होती, त्यांत भारतातून गेलेले हे पहिले. त्यात मान्सूनचे ढग आहेत, हिंदी महासागर आहे आणि ध्रुवांवरचा समुद्रबर्फही आहे. कारण बर्फ चुकला तर समुद्र किती उष्णता सोडतो ते चुकते आणि ती चूक वर्षानुवर्षे साचत जाते. प्रारूपाच्या दुसऱ्या आवृत्तीत समुद्रबर्फाची मांडणी सुधारण्यावर मुद्दाम मेहनत घेतली गेली. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणे आणि सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टी होणे यांत संबंध असू शकतो असे दाखवले. त्यांनी ‘असू शकतो’ म्हटले ते बरे केले. ब्लॅनफर्डचा नियमही काही वर्षे जुळला आणि काही वर्षे दगा देऊन गेला.

युरोपने आता दोन्ही लहरींची रडारे एकाच यानावर बसवायचे ठरवले आहे. त्या मोहिमेचे नाव क्रिस्टल. आजवर सरल एका दिवशी एका वाटेने जायचा, क्रायोसॅट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने, आणि मधल्या वेळात बर्फ सरकलेला असायचा. क्रिस्टलवर ती वजाबाकी एकाच क्षणी, बर्फाच्या एकाच तुकड्यावर होईल, आणि सोव्हिएत काठीचा आकडा उसना घेण्याची गरज बरीच कमी होईल.