दार्पाची ताकद पैशात नाही, रचनेत आहे

सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकच्या धक्क्यानंतर १९५८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात ‘आर्पा’ ही संशोधन संस्था सुरू झाली; तीच आजची दार्पा. तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळा नाहीत. प्रोग्रॅम मॅनेजर साधारण तीन ते पाच वर्षांसाठी येतो, विद्यापीठांना नि कंपन्यांना कामं देतो आणि मुदत संपली की जातो. खुर्ची सांभाळायची नसल्यामुळे तो मोठी जोखीम पत्करू शकतो. दार्पाने २००४ मध्ये मोजावी वाळवंटात भरवलेली चालकविरहित गाड्यांची शर्यत बघा: सुमारे २३० किलोमीटरच्या वाटेवर सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी १२ किलोमीटरच्या आसपासच अडकली, चाकं जागीच फिरून धुमसू लागली. दार्पाने माघार घेतली नाही, शर्यतीचं बक्षीस दुप्पट करून वीस लाख डॉलर केलं. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. स्टॅनफर्डची ‘स्टॅनली’ पहिली आली.

हा जनतेच्या पैशाचा जुगार नव्हे का? इथे तरी नाही, कारण बक्षीस जिंकणाऱ्यालाच होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा पैसा युद्धासाठी असतो. व्हिएतनाममध्ये झाडोरा नष्ट करणाऱ्या रसायनांच्या चाचण्यांत आर्पा होती, हे विसरता कामा नये. पण दोष उद्दिष्टाचा आहे, पद्धतीचा नाही. म्हणूनच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने हीच रचना ‘आर्पा-ई’साठी उचलली आणि ती बॅटऱ्यांच्या संशोधनाला लावली.