मोनालिसाला 80 हजार युरो, व्हर्मीर मात्र फुकट!

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2012 मध्ये ‘राइक्सस्टुडिओ’ उघडला आणि सव्वा लाख कलाकृतींचे झकास फोटो लोकांसाठी खुले केले. घ्या, छापा, हवं ते करा! उद्या कोणी व्हर्मीरचं चित्र टॉयलेट पेपरवर छापलं तर? तिथले तेव्हाचे संग्रहप्रमुख टाको डिबिट्स म्हणाले, छापायचंच असेल तर निदान चांगल्या प्रतीचं छापावं. बोलणं गमतीचं, पण हिशेब पक्का. फोटो विकून येणारा पैसा म्हणजे एकूण उत्पन्नात दर्यामें खसखस. त्यासाठी कुलूपं कशाला सांभाळायची? 2022 मध्ये याच मंडळींनी रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चे 8,439 फोटो जोडून 717 अब्ज पिक्सेलचं एकच चित्र तयार केलं. तेही फुकट.

फ्लॉरेन्सच्या उफिझीने नेमकी उलटी वाट धरली. 2021 मध्ये एनएफटीचा, म्हणजे डिजिटल मालकीच्या प्रमाणपत्रांचा, ज्वर चढला होता. तेव्हा मायकलअँजेलोच्या ‘डोनी टोंडो’ची डिजिटल प्रत विकली गेली. स्क्रीनभोवती मूळ चित्रासारखी चौकट, सोबत प्रमाणपत्र. संग्रहालयाच्या पदरात 70 हजार युरो पडले. पुढच्याच वर्षी इटलीच्या संस्कृती मंत्रालयाने असे करार थांबवायला सांगितलं. औटघटकेचं राज्य! मूळ चित्र अर्थातच भिंतीवर होतं तिथेच आहे.

लूव्र त्याहून चलाख. 2020 मध्ये टाळेबंदीने दारं बंद, तिकीटखिडकी ओस. मग त्यांनी ऑनलाइन लिलाव मांडला. त्यात एक वस्तू अशी, जी पिशवीत घालून नेताच येत नाही: मोनालिसाला वर्षातून एकदा काचेबाहेर काढून तपासतात, तेव्हा तिथे हजर राहायची संधी. नाव न सांगणाऱ्या कोणीतरी त्यासाठी 80 हजार युरो मोजले.

व्हिएन्नाची कथा जरा चावट. तिथल्या संग्रहालयांतली नग्नचित्रं समाजमाध्यमांना खपेनात. 2018 मध्ये फेसबुकने तर ‘व्हिलेनडॉर्फची व्हीनस’ या हजारो वर्षं जुन्या मूर्तीलाही अश्लील ठरवलं. वैतागून शहराच्या पर्यटन मंडळाने 2021 मध्ये थेट ‘ओन्लीफॅन्स’ या प्रौढांच्या मजकुरासाठी गाजलेल्या संकेतस्थळावर खातं उघडलं. वर्गणी भरा आणि संग्रहालयाचं तिकीट मिळवा! वर्गणीतून किती जमलं हा मुद्दाच नव्हता, जगभर फुकटात गाजावाजा झाला.

पण खरा टिकाऊ धंदा जमला तो रंगमंचवाल्यांना. बर्लिन फिलहार्मोनिकने 2008 मध्येच ‘डिजिटल कॉन्सर्ट हॉल’ काढला: वर्गणी भरा, घरबसल्या मैफल ऐका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्याआधी, 30 डिसेंबर 2006 रोजी, मोझार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ थेट सिनेमागृहांत दाखवला. यातली खरी मजा मध्यंतरात. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकापुढे पडदा पडलेला असतो, पण सिनेमागृहातल्या प्रेक्षकाला पडद्यामागचं दिसतं. कामगार भलेमोठे सेट ढकलत असतात आणि घाम पुसत विंगेत आलेल्या गायिकेपुढे दुसरी गायिका माईक धरून उभी असते. महागडं तिकीट काढून आत बसलेल्याला जे मिळत नाही, ते इथे मिळतं. केवळ नक्कल विकली असती, तर इतकी वर्षं चाललं नसतं.

लंडनच्या नॅशनल थिएटरने 2009 मध्ये हेलन मिरेनच्या ‘फेद्र’ने ‘एनटी लाइव्ह’ सुरू केलं. 2011 च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर शास्त्रज्ञ आणि राक्षसाच्या भूमिका आलटून पालटून करत. दोन्ही प्रयोग चित्रित झाले. म्हणजे नाटक एक आणि चाहत्यांकडून तिकिटं दोन! करोनाच्या काळात याच संस्थेने यूट्यूबवर नाटकं फुकट दाखवली, प्रेक्षकांना चटक लावली आणि 2020 च्या डिसेंबरात ‘नॅशनल थिएटर ॲट होम’ नावाचं सशुल्क दुकान थाटलं. आपल्याकडे जुनी नाटकं यूट्यूबवर कोणीतरी कशीबशी चढवतं, त्यातून नाट्यसंस्थेला काय मिळतं कोण जाणे.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएने मेट्रोपॉलिटन ऑपेरा आणि एनटी लाइव्ह या दोन्हींचे प्रयोग पडद्यावर दाखवले आहेत. ‘फ्रँकेनस्टाइन’ लागलं, तर तिकीट काढण्याआधी एवढं जरूर विचारा: कंबरबॅच आज शास्त्रज्ञ आहे की राक्षस?