मळणीची धूळ आणि दमा
सोयाबीनची मळणी सुरू झाली की बऱ्याच जणांना शिंका, खोकला, धाप लागते. भुशाच्या धुळीत बुरशी असते, बांधावरच्या गाजरगवताचे परागकणही त्रास देतात. दमा असला तरी काळजी घेऊन काम करता येतं.

१) वारा पाठीमागून येईल असं उभं राहा.
२) रुमालातून बारीक धूळ आत जातेच. एन-९५ मास्क लावा.
३) पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका. धाप लागल्यावर घ्यायचा पंप घरी नको, खिशात ठेवा.
४) गाजरगवत फुलायच्या आधीच, हातमोजे घालून उपटा.
५) धापेमुळे वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर ताठ बसवा, पंप द्या, लगेच १०८ ला फोन करा. मळणी थांबली तरी चालेल.