६१७४ : कापरेकर स्थिरांकाची कारणमीमांसा

प्रस्तावना :
६१७४ ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते. देवळाली (जि. नाशिक) येथे १९३० ते १९६२ या काळात शालेय शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९४९ मध्ये तिचा गुणधर्म शोधून काढला. वर्गात हा गुणधर्म बहुधा चमत्कार म्हणून सांगितला जातो व विषय तेथेच थांबतो. वस्तुतः त्यामागील कारण माध्यमिक स्तरावरील बीजगणिताने उलगडते. ते स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रक्रिया :
सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर हीच कृती पुनःपुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास डावीकडे शून्य लिहावे. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये अस्तित्वात आला. हीच संख्या घेतल्यास,

९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ या क्रमाने सातव्या पायरीस ६१७४ मिळते. सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीही लागत नाहीत.

कारणमीमांसा :
दहा-वीस उदाहरणे पडताळून पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड मानल्यास वजाबाकी पुढीलप्रमाणे येते :

९९९(अ − ड) + ९०(ब − क)

म्हणजे वजाबाकी मूळ चार अंकांवर नव्हे, तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो. दुसरा फरक शून्य ते पहिल्या फरकाइतका असू शकतो. म्हणून एकूण शक्यता २ + ३ + … + १० = ५४ एवढ्याच होतात. हजारो चार अंकी संख्या पहिल्याच पायरीत या ५४ उत्तरांत सामावतात. ही सर्व उत्तरे तपासली असता प्रत्येक वाट ६१७४ कडेच जाते. ७, ६, ४, १ या अंकांचे फरक ६ व २ आहेत आणि (९९९ × ६) + (९० × २) = ६१७४; म्हणून ही संख्या स्वतःकडेच परत येते.

मर्यादा :
हा गुणधर्म सार्वत्रिक नाही. तीन अंकी संख्यांसाठी ४९५ हा स्थिरांक मिळतो. दोन अंकी संख्या मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांनाही असा स्थिरांक नाही.

समारोप :
अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ ÷ १८ = ३४३; अर्थात ही संख्याही हर्षदच होय. कापरेकरांच्या कार्यास व्यापक प्रसिद्धी मिळाली ती १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. त्यांचे संशोधन ‘गंमत’ म्हणून बाजूला सारणे सोपे होते. परंतु त्या गमतीमागे नेमकी सिद्धता दडलेली आहे. ५४ शक्यता वर्गातील विद्यार्थ्यांत वाटून देऊन फळ्यावर तक्ता पूर्ण केल्यास तो तक्ता हीच संपूर्ण सिद्धता ठरते. त्यासाठी खडू, फळा आणि वजाबाकी एवढी सामग्री पुरेशी आहे. उदाहरण कोठे संपते व सिद्धता कोठे सुरू होते, हे विद्यार्थ्यांना दाखविण्याचे इतके सुलभ साधन क्वचितच आढळते.